ॲडमिट पेशंटच्या अंगावर अचानक पुरळ : औषधाचंच असेल का? उद्या स्किनवाल्यांना काय विचारू?

मुठाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, वॉर्डच्या बाहेर बाकड्यावर बसून टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. सासूबाई (वय ६८, बीपी आहे, शुगर नाही) न्यूमोनियासाठी ॲडमिट आहेत, हॉस्पिटलचं नाव देत नाही, सिंहगड रोडच्याच बाजूला आहे. ताप उतरला, ऑक्सिजन काढला, डिस्चार्जची भाषा सुरू झाली आणि काल सकाळी अंग पुसताना मावशींनी दाखवलं की पोटावर पाठीवर बारीक लाल पुरळ आलंय. संध्याकाळपर्यंत ते दंडांवर, मांड्यांवर उतरलं. खाज आहे पण फार नाही. ड्यूटी डॉक्टर म्हणाले ड्रग रॅश दिसतोय, एव्हिल (ॲलर्जीचं औषध) दिलं आणि अँटिबायोटिक बदललं. पण आज परत ताप आहे आणि चेहरा मला तरी सुजलेला वाटतोय, सिस्टर म्हणतात झोपून झोपून तसं दिसतं. स्किनचे डॉक्टर उद्या येणार. तोवर शेजारच्या बेडवरच्या आजींची सून म्हणते उष्णता बाहेर पडतेय, सब्जा द्या, नणंद म्हणते गोवर तर नाही ना, आणि आमचे हे अडून बसलेत की इंजेक्शनआधी माझ्यासमोर हातावर टेस्ट डोस केला होता मग ॲलर्जी येईलच कशी. कोणाला असा अनुभव आहे का?

पेठेतला_पक्या

सब्जा राहू दे ताई 🙂 आमच्याकडे पण वडिलांच्या वेळी सगळ्या वॉर्डाने मिळून निदान केलं होतं, कांजिण्यांपासून नागिणीपर्यंत. स्किनवाले येईपर्यंत फोटो काढून ठेवा, उजेडात, रोज एकाच जागेचे. रॅश सकाळी एक दिसतो, संध्याकाळी वेगळा.

रातपाळी

मी स्टाफ नर्स आहे, मेडिकल वॉर्डला बरीच वर्षं काढलीत त्यामुळे थोडं वॉर्डातलं सांगते. पहिलं म्हणजे ॲडमिट पेशंटच्या अंगावरचं सगळंच पुरळ औषधाचं नसतं. नुसतं पाठीवर आणि गादीला टेकणाऱ्या भागावर असेल तर बरेचदा घामोळ्या निघतात, खाली मेणकापड, वर चादर, पंखा लांब, पेशंट कुशीवर वळत नाही. सलाईनच्या पट्टीचा चौकोन जसाच्या तसा लाल उठला असेल तर ती चिकटपट्टीची ॲलर्जी. आणि व्हँकोमायसिन नावाचं अँटिबायोटिक घाईत सोडलं तर मान-छाती-चेहरा लालबुंद होतो, खाज सुटते, नातेवाईक घाबरून जातात, पण ती खरी ॲलर्जी नसते, वेगाचा प्रश्न असतो. म्हणूनच ते निदान तासभर तरी लावून हळू सोडायचं असतं. पण तुमच्या वर्णनात पोट-पाठ-दंड-मांड्या, दोन्ही बाजूला सारखं, आणि परत ताप. हे घामोळ्यांसारखं नाही वाटत. चेहऱ्याची सूज सिस्टरला सांगितलीत ना, तशी ड्यूटी डॉक्टरांना पण सांगा आणि फाईलमध्ये लिहायला लावा.

वारजेकर

डेंग्यूची टेस्ट केलीये का? पावसाळ्यात आमच्या सोसायटीत घरटी एक पेशंट असतो. डेंग्यूत पण ताप उतरता उतरता असंच लाल होतं, मध्ये मध्ये पांढरे ठिपके सुटलेले. आणि चिकनगुन्यात तर माझ्या भावाचं नाक काळं पडलं होतं, आम्ही महिनाभर गोळ्यांना शिव्या घातल्या, नंतर कळलं की आजारच तसा आहे.

मुठाकाठ

डेंग्यू, चिकनगुन्या दोन्ही ॲडमिट करतानाच केल्या होत्या, निगेटिव्ह. प्लेटलेट्स चांगल्या आहेत.

साल_ना_पात

मी त्वचारोगात एमडी केलंय, सध्या पुण्यातच प्रॅक्टिस करते. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण टेस्ट डोसचा गोंधळ आधी निस्तरते कारण रोज ऐकते. टेस्ट डोसमध्ये कातडीखाली थेंबभर औषध टोचून वीसेक मिनिटं बघतात. त्यात कळलीच तर फक्त तात्काळ येणारी ॲलर्जी कळते, म्हणजे पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं, बीपी पडणं. आणि त्याचीही खात्री नाही. तुमच्या सासूबाईंना आलंय तसं पुरळ दुसऱ्याच वाटेने येतं, त्यात शरीरातल्या टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) औषध ओळखायला वेळ लागतो. औषध पहिल्यांदाच पोटात जात असेल तर साधारण चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही उगवतं, आधी कधी त्या औषधाने त्रास झालेला असेल तर एक-दोन दिवसात सुद्धा. त्यामुळे "टेस्ट डोस ओके" आणि "अंगभर रॅश" या दोन्ही गोष्टी एकाच पेशंटमध्ये आरामात असू शकतात, तुमच्या मिस्टरांना सांगा.

कॉमन आहे का, तर हो. ॲडमिट पेशंटमध्ये शंभरात साधारण दोन-तीन जणांना औषधाने त्वचेवर काहीतरी होतं आणि त्यातलं बहुतेक हेच बारीक लाल पुरळ असतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली अँटिबायोटिक्स, सेफ्ट्रायाझोनसारखी सेफॅलोस्पोरिन्स, सल्फा, फिटची औषधं, दुखण्याच्या गोळ्या ही नेहमीची मंडळी. बहुतेकांचं औषध थांबवलं की आठ-पंधरा दिवसात साल निघून मिटतं, आणि थांबवल्यावरही दोन-तीन दिवस वाढू शकतं, तेव्हा घाबरायचं नाही.

पण ज्या गोष्टी दिसल्या तर उद्याची वाट बघायची नाही त्या सांगते : कातडी खाजण्याऐवजी दुखायला लागली, तोंडात किंवा ओठांवर फोड-जखमा, डोळे लाल होऊन चिकटायला लागले, लघवीच्या जागी आग, डाग मध्यभागी काळपट-जांभळे, फुगे आले, हात फिरवला तर साल सरकतंय. यातलं काहीही असलं तर रात्री दोन वाजता सुद्धा डॉक्टरला उठवा. आणि चेहऱ्याची सूज + ताप हे मला पण आवडलेलं नाही.

आता काम. एका कागदावर प्रत्येक औषधाचं नाव आणि ते कधी सुरू झालं ते लिहा. फक्त हॉस्पिटलातलं नाही, गेल्या दोन महिन्यांत घरी जे जे घेतलं ते. काढे, आयुर्वेदिक, कॉलनीतल्या मेडिकलमधून आणलेली पेनकिलर, सगळं.

स्पष्टवक्ता

एवढं कशाला? सगळी औषधं बंद करा म्हणावं, दोन दिवसात कळेल कोण चोर ते. हॉस्पिटलवाले बिल वाढवायला एकावर एक इंजेक्शनं मारतात, मग रॅश आला की त्यावर अजून एक.

रातपाळी

सगळी बंद? न्यूमोनियाच्या ६८ वर्षांच्या बाईचं अँटिबायोटिक बंद करून ठेवायचं? आणि बीपीची गोळी? संशयित थांबवायचं असतं, सगळं नाही. बिलाचा राग मला पण समजतो हो, पण तो पेशंटच्या अंगावर नका काढू.

स्पष्टवक्ता

बरं बाई, चुकलं. पण मग संशयित ठरवणार कोण, जो देतो तोच?

साल_ना_पात

तारखा ठरवतात, म्हणून तर यादी मागितली. पुरळ आलं तो दिवस धरून मागे मोजत जायचं. काल सुरू केलेलं औषध सहसा आजच्या पुरळाचं कारण नसतं, आणि वर्षानुवर्षं चालू असलेली बीपीची गोळी पण सहसा नसते. मधल्या पट्ट्यात जे येतं त्यावर पहिली नजर. लोक स्टँडला लटकलेल्या बाटलीकडे बोट दाखवतात कारण ती डोळ्यासमोर असते.

निवृत्त_नाना

माझा अनुभव लिहितो, जरा वेगळा आहे. मला जुलाब झाले की मी आपला मेडिकलमधून जुलाबाची पांढरी गोळी आणायचो, ती दोन औषधं एकत्र असलेली, ऑफ्लॉक्सासिन ऑर्निडाझोल. दरवेळी दुसऱ्या दिवशी ओठाच्या कडेला आणि उजव्या मनगटावर गोल जांभळा डाग, चुरचुरतो, आणि मग महिनोन्‌महिने काळा राहतो. मी समजायचो जुलाबाने उष्णता वाढली. पुढे हर्नियासाठी ॲडमिट झालो तेव्हा ऑपरेशननंतर तीच औषधं शिरेतून दिली आणि त्याच दोन जागा पेटल्या, शिवाय दोन नवीन. तेव्हा स्किनवाल्या डॉक्टर बाईंनी मनगट बघूनच विचारलं, "काका, जुलाबाची गोळी घेता का?" मी थक्क.

साल_ना_पात

नाना, क्लासिक. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात, औषध परत पोटात गेलं की त्याच जागी उगवतं, आपल्याकडे तर जुलाबाच्या या जोडगोळ्या आणि पेनकिलर यांनी खूपच दिसतं. डाग तेच राहिले तरी दरवेळी जागा वाढत जातात आणि क्वचित अंगभर फोड येऊ शकतात, म्हणून "थोडासाच तर डाग येतो" म्हणून घेत राहू नका. दोन औषधांपैकी नक्की कोणतं हे शोधून घ्या, नाहीतर उगाच दोन्ही घराणी बंद होतात.

मुठाकाठ

यादी केली. हॉस्पिटलात सेफ्ट्रायाझोन आणि ॲझिथ्रोमायसिन पहिल्या दिवसापासून, पॅरासिटामॉल, ॲसिडिटीचं इंजेक्शन, वाफेचं औषध. काल अँटिबायोटिक बदललं ते वेगळं. घरचं म्हणाल तर ॲडमिशनच्या फॉर्मवर फक्त बीपीची गोळी लिहिलीये, बारा वर्षं तीच आहे. पण सासऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्यात अजून एक पांढरी गोळी असते, ॲलोप्युरिनॉल, युरिक ॲसिड कमी करायची. गेल्या महिन्यात सोसायटीत स्वस्तातलं फुल बॉडी चेकअप झालं त्यात युरिक ॲसिड ७.२ आलं, गुडघे तर दुखतातच, म्हणून कोणीतरी सुरू करून दिली, पत्ता पाकिटावर आहे पण चिठ्ठी नाही. तीन-चार आठवडे झाले असतील. आणि कहर म्हणजे सासरे रोज जेवणाचा डबा घेऊन येतात तेव्हा ती गोळी पण आणून देतायत, म्हणजे ती इथेही चालूच आहे!

साल_ना_पात

ताई, आत्ता लगेच ती गोळी थांबवा आणि ड्यूटी डॉक्टरांना सांगा, उद्यावर टाकू नका. ते फोनवर विचारतील त्यांच्या सिनियरला. सीबीसीत इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती आहेत ते बघायला सांगा, लिव्हरच्या एसजीपीटी वगैरे आणि किडनीसाठी क्रिएटिनीन पण. मानेत काखेत गाठी लागतात का तेही तपासू दे. मी घाबरवत नाहीये, पण ॲलोप्युरिनॉल हे औषध त्वचेच्या गंभीर रिॲक्शनसाठी जगभर बदनाम आहे, आणि ती रिॲक्शन सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत येते. ताप, चेहऱ्याची सूज, पुरळ आणि आत लिव्हर किंवा किडनीला झळ असं एकत्र आलं की त्याला ड्रेस सिंड्रोम म्हणतात. अँटिबायोटिक अजूनही संशयितात आहेच, सेफ्ट्रायाझोनचं साधं पुरळ या वेळेत बरोबर बसतं. पण सूज आणि ताप त्यात बसवायला ओढाताण होते.

कॅम्पातला_केमिस्ट

माझं मेडिकल आहे म्हणून बोलतो. युरिक ॲसिडची गोळी हल्ली मुरमुऱ्यासारखी जाते. पॅकेज टेस्ट, रिपोर्टवर आकडा ठळक अक्षरात, की माणूस दुकानात हजर, "आकडा कमी करायचं काहीतरी द्या". मी चिठ्ठीशिवाय देत नाही तर समोरचा दुकानदार देतो. मॅडम, नुसता आकडा जास्त आहे, सांधा सुजलेला नाही, खडा नाही, तर गोळी लागते का?

साल_ना_पात

बहुतेकांना नाही लागत. गाऊट म्हणजे अंगठ्याचा वगैरे सांधा लालबुंद होऊन टणका मारणं, ते वारंवार होत असेल तर गोळीला अर्थ आहे, आणि तेव्हा ती फार चांगली गोळी आहे हेही सांगते. या वयातले गुडघे बहुतेक झिजेने दुखतात, त्याचा युरिक ॲसिडशी संबंध नसतो. आणि गाऊटला देतानाही १०० मिग्रॅ किंवा त्याहून कमीने सुरू करायची, किडनी कमजोर असेल तर अजून जपून, कारण डोस जास्त आणि किडनी ढिली या जोडीत रिॲक्शनचा धोका वाढतो. काहींच्या जनुकातच तो धोका असतो, एचएलए-बी ५८०१ नावाचा प्रकार.

स्पष्टवक्ता

म्हणजे हॉस्पिटल निर्दोष आणि पाकिटवाला दोषी. आयुष्यात पहिल्यांदा हॉस्पिटलची बाजू घ्यायची वेळ आली 🙄 पण एक विचारतो, ॲडमिट करताना कोणी दोन मिनिटं बसून घरच्या गोळ्या का नाही विचारत?

रातपाळी

विचारतात, पण "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं की लोक बीपी-शुगर-थायरॉइड एवढंच सांगतात. बाकीचं त्यांच्या लेखी औषध नसतंच. मी तर सरळ सांगते, घरातला गोळ्यांचा डबा उचलून आणा, पिशवीसकट. आणि हो, डब्यातून परस्पर गोळ्या देणं बंद करा, वॉर्डात प्रत्येक गोळी आमच्या चार्टवर हवी.

मुठाकाठ

अपडेट. ड्यूटी डॉक्टरांनी खरंच ऐकलं, गोळी थांबली. इओसिनोफिल १८ टक्के आलेत, एसजीपीटी नॉर्मलच्या चौपट. स्किनचे डॉक्टर सकाळी लवकर येऊन गेले, मानेत गाठी लागल्या, तोंड-डोळे स्वच्छ आहेत. ड्रेस असण्याची शक्यता भरपूर म्हणाले, बायोप्सीचा छोटा तुकडा घेतला आणि स्टिरॉइड सुरू केलंय. डिस्चार्ज अर्थातच लांबला. सासरे फार खट्टू झालेत, त्यांना वाटतंय आपणच रोज विष आणून दिलं, त्यांना कसं समजवायचं तो वेगळाच विषय. स्टिरॉइडचं ऐकून नणंद आता वेगळी टेन्शनमध्ये आहे.

साल_ना_पात

छान पकडलं वेळेत. नणंदेला सांगा, इथे स्टिरॉइड गरजेचं आहे आणि धोका आहे तो ते लवकर बंद करण्यात. पुरळ गेलं म्हणून गोळी सोडली की लिव्हर परत पेटतं, म्हणून आठवडे, कधी काही महिने लावून हळूहळू उतरवतात. शुगर-बीपीवर लक्ष ठेवा. आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी थायरॉइडची टेस्ट करून घ्या, ड्रेसनंतर उशिरा थायरॉइड बिघडलेलं दिसतं, तेव्हा कोणाला हे दुखणं आठवत पण नाही. सध्या गरज नसलेली नवीन औषधं टाळा, या काळात शरीर दुसऱ्या औषधांवरही उखडतं.

पेठेतला_पक्या

ते साल सरकण्याचं वर्णन वाचून रात्री झोप नाही लागली डॉक्टर. ते नक्की काय असतं?

साल_ना_पात

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. १९२२ साली स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये नोंदवलं म्हणून त्यांचं नाव. शरीराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर एसजेएस, तीस टक्क्यांच्या वर गेली तर त्याला टेन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) म्हणतात, आणि टेनमध्ये साधारण तीनातला एक पेशंट दगावतो. भाजलेल्या पेशंटसारखी काळजी घ्यावी लागते, त्यातही डोळ्यांची पहिल्या दिवसापासून, कारण माणूस वाचतो आणि नजर जाते. फार दुर्मीळ आहे, पण सुरुवात नुसता ताप, घसा, डोळ्यांची चुरचुर अशी असते, आणि त्याला व्हायरल समजून तीच गोळी चालू ठेवली जाते.

निवृत्त_नाना

मग हे कुठे कळवायचं असतं का? माझ्या वेळी नुसतं "ओ ओझेड ॲलर्जी" (तीच ऑफ्लॉक्सासिन ऑर्निडाझोल) असं कोपऱ्यात लिहून फाईल बंद.

रातपाळी

असतं ना. भारतात फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा) प्रोग्राम २०१० पासून आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. मेडिकल कॉलेजेसमध्ये फार्माकोलॉजी विभागात त्याची केंद्रं असतात. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट कोणीही फॉर्म भरू शकतं, खात्री नसली, नुसता संशय असला तरी चालतो, आणि पेशंटसाठी वेगळा साधा फॉर्म आहे. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. औषधाच्या पाकिटाचा फोटो ठेवा, बॅच नंबर विचारतात.

कोथरूडची_आई

धाग्यावर जरा आगंतुक प्रश्न. माझ्या मुलीला (१९) फिटसाठी आधीपासून व्हॅल्प्रोएट आहे, आता न्यूरोवाल्यांनी लॅमोट्रिजिन जोडलंय आणि डोस इतका थेंबाथेंबाने वाढवतायत की आम्हाला वाटतंय परीक्षेआधी पूर्ण डोस बसणारच नाही. हा धागा वाचून धडधडायला लागलंय.

साल_ना_पात

तो हळूपणा मुद्दाम आहे, घाई करू नका. लॅमोट्रिजिन भरभर वाढवलं की रॅशचा धोका वाढतो, आणि व्हॅल्प्रोएट सोबत असलं की रक्तात त्याची पातळी चढते म्हणून डोस आणि वाढवण्याचा वेग अजून निम्मा ठेवतात. पहिले दोन महिने जास्त लक्ष ठेवायचे. काही दिवस गोळ्या चुकल्या तर एकदम जुन्या डोसवर उडी मारायची नाही, आधी न्यूरोला फोन. आणि पुरळ उठलं तर त्याच दिवशी फोन, पण फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, दोन्हीपैकी कोणती आणि कशी थांबवायची ते तेच सांगतील. तिला आधी फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिनने कधी रॅश आला होता का? ते सांगितलंत का त्यांना?

कोथरूडची_आई

लहानपणी फेनिटॉइनने आला होता, तेव्हाच्या डॉक्टरांनी गोळी बदलली होती. आत्ताच्यांनी विचारलं नाही आणि मला पण ते महत्त्वाचं असेल असं वाटलं नव्हतं.

साल_ना_पात

महत्त्वाचं आहे, एका फिटच्या औषधाने रॅश आलेल्यांना दुसऱ्याने येण्याची शक्यता जास्त असते. आज संध्याकाळच्या गोळीआधीच त्यांना फोन करा, जुनी फाईल असेल तर फोटो पाठवा.

मुठाकाठ

ताईंच्या प्रश्नावरून आठवलं, सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवायला कार्ड करून घेतेय. त्यावर नुसतं "गोळीची ॲलर्जी" लिहू की अजून काय?

साल_ना_पात

औषधाचं मूळ नाव लिहा, ब्रँडचं नाही, कारण ब्रँड शंभर असतात. ॲलोप्युरिनॉल, काय झालं (ड्रेस), कोणत्या महिन्यात, आणि "पुन्हा देऊ नये". सेफ्ट्रायाझोनबद्दल बायोप्सी आणि तारखा बघून तुमचे डॉक्टर काय ठरवतात ते विचारून मगच लिहा, उगाच त्यालाही यादीत टाकलं तर पुढच्या न्यूमोनियाला चांगलं औषध हातचं जाईल. एक प्रत घरच्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवा.